बंदराचं वावर

"ही ओवी कोणी रचली, काका?" योगिनीने विचारलं.

गोटीराम देवरे चष्मा पुसत होते. पुसून झाला होता, तरी त्यांनी पुन्हा पुसायला घेतला.

"रचली म्हणजे? जात्यावरची आहे. आमच्या हिच्या आजीची. तळटीप दिलीय मी."

योगिनी तांडेल कॉलेजात इतिहास शिकवायची. प्रकाशकाने गोटीरामांचं हस्तलिखित तिला वाचायला दिलं होतं. ती हो म्हणाली तरच पुस्तक निघणार होतं. निवृत्त ग्रंथपालाचं आयुष्यातलं हे एकच पुस्तक.

पुस्तक होतं शंखोळ बंदरावर. नोकरीची पहिली नेमणूक त्यांना कोकणात शंखोळला मिळाली होती, आणि त्यांची बायको उज्वलाबाईही तिथल्याच. शंखोळात शेंबडं पोरही सांगतं की पाणजाई देवी कोळणीच्या रूपात पाणी मागत आली, व्यापाऱ्यांनी तिला दारातून हाकललं, म्हणून तिने एका रात्रीत बंदर गिळलं. गोटीरामांचं म्हणणं एवढंच की खाडी गाळाने हळूहळू भरत गेली आणि माणसं पोटामागे निघून गेली. देवीचा त्यात काही संबंध नाही.

हे त्यांनी पहिल्यांदा एका मासिकात लिहिलं तेव्हा गाव खवळलं. उज्वलाबाईंच्या भावाने भाऊबीजेला यायचं सोडलं. त्या देवीची ओटी भरायला गेल्या, तर बायकांनी त्यांना पायरीवरूनच परत पाठवलं.

आणि तरीही, गोटीराम पुराव्यासाठी चाचपडत असताना, एका दुपारी गहू निवडता निवडता उज्वलाबाईंनीच, लग्नाआधीच वारलेल्या आजीची म्हणून, ती ओवी म्हटली होती:

गलबतं गेली आधी, मागून सारं गाव गेलं
गाळानं भरली खाडी, बंदराचं वावर झालं

गोटीराम मुळात अबोल. पण घरी पाहुणा आला की हे मात्र सांगायचे. माहेर तुटलं, पण बाई नवऱ्यामागे उभी राहिली. पुस्तक त्यांनी तिलाच अर्पण केलं होतं.

"नकाशांचे दोन अर्थ निघतात, काका," योगिनी म्हणाली. "सगळा डोलारा ह्या ओवीवर उभा आहे. पण मी किनाऱ्यावरची. आमच्याकडे शेताला वावर कोणी म्हणत नाही. वावर तुमच्याकडचं, देशावरचं. तुम्ही देवळ्याचे ना?"

गोटीरामांनी तो शब्द मनात घोळवून पाहिला. वावरात कांदा लावला, वावरात भाकरी नेली. आईच्या तोंडचा शब्द. इतका घरचा, की ह्या ओवीत तो परका आहे हे त्यांना कधी जाणवलंच नव्हतं.

"म्हणजे मी रचली?"

"मी नाही म्हणत. पण लोक म्हणतील. आणि मला उत्तर देता येणार नाही."

आपण रचली नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टीचीही त्यांना दोन मिनिटांत शंका यायची. मग एक आशा दिसली. ती 'शेत' म्हणाली असेल आणि लिहून घेताना आपणच सवयीने 'वावर' लिहिलं असेल. तसंच झालं असणार. धांदरटपणा आपला, ओवी खरी.

"अगं, जरा येतेस का?"

उज्वलाबाई चिवड्याची बशी घेऊन आल्या. "घ्या हो. ह्यांनी नुसत्या तळटिपाच खायला घातल्या असतील तुम्हाला."

योगिनी हसली. गोटीराम हसले नाहीत.

"ती ओवी म्हण. आजीची. आहे तशी."

योगिनीने मोबाइल पुढे ठेवला. उज्वलाबाईंनी पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात ओवी म्हटली. वावर म्हणाल्या. जरा ठासूनच.

गोटीरामांनी डोळे मिटले.

"काकू, तुमच्या शंखोळात वावर म्हणतात?"

"छे. आमच्याकडे शेत. नाहीतर मळा."

"मग ओवीत कसं आलं?"

"मीच घातलं. ओवी माझीच आहे. आजी कुठली ओव्या म्हणतेय, ती तर मुकी होती."

पुस्तक गेलं, हे गोटीरामांना कळलं. पण त्याहून मोठं काहीतरी हाती लागल्यासारखं वाटून ते तिच्याकडे वळले.

"माझ्यासाठी केलंस? पुरावा मिळेना म्हणून मी झुरत होतो, ते तुला बघवलं नाही. वेडी आहेस तू."

"तुमच्यासाठी कशाला?" उज्वलाबाई शांतपणे म्हणाल्या. "पाणजाईला खोटी पाडायला निघाला होतात तुम्ही. म्हटलं, पुस्तक माझ्या ओवीवरच उभं राहू दे. आणि शब्द घातला तो तुमच्या गावचा, म्हणजे कोणीतरी जाणतं येईल, तो ओढून काढील, आणि सगळं कोसळेल."

त्यांनी बशी योगिनीकडे सरकवली.

"फक्त इतकी वर्षं लागतील असं नव्हतं वाटलं."