पालकाची सही

अग्निशमन दलाच्या प्रशिक्षणाचं संमतिपत्र सकाळपासून गुरुजींसमोर पडून होतं. ‘या कामात जीव जाऊ शकतो, हे मान्य आहे’ या ओळीखाली पालकाची सही हवी होती. अर्जाची खिडकी अर्ध्या तासात बंद होणार होती. लेक दारात चपला घालून उभी. “बाबा, आत्म्याला आग शिवत नाही, असं प्रवचनात तुम्हीच सांगता ना?” “ते आत्म्याबद्दल गं! तुझ्याबद्दल कुठे बोललो मी?” त्यांचं पेन कागदाला टेकायचं आणि चटका बसल्यासारखं मागे यायचं. श्रोत्यांच्या चहापाण्यापायी एकही प्रवचन धड न ऐकलेली त्यांची बायको आली. तिने पेन हिसकावलं, सही ठोकली आणि लेकीला पिटाळलं. “तुला भीती नाही वाटत?” गुरुजींनी विचारलं. “वाटते की! म्हणून तर पटकन केली,” म्हणत ती पेनाला टोपण लावू लागली, ते काही केल्या बसेना.