नाव घेतलं

"धोंडीराम!" म्हणत चंद्रभागेनं पिशवीला ठोसा हाणला. पिशवी मागे गेली, परत आली. "धोंडीराम!" दुसरा ठोसा. पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले, कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलेलं. अशी ती मागच्या पडवीत घाम गाळत होती, आणि खुद्द धोंडीराम तिला न्यायला येऊन ओटीवर बसलाय याचा तिला पत्ताच नव्हता. दाराकडे तिचा डावा कान होता. त्या कानानं तिला ऐकू येत नसे. तोही धोंडीरामच्याच थपडेचा प्रताप.

पिशवी तिच्या भावाची, रावजीची. तो सायकलवरून देवळालीच्या छावणीत साहेबांच्या खोल्या झाडायला जाई. गोऱ्या शिपायांनी ठोसे मारून मारून फाडलेली ही ताडपत्रीची पिशवी चौतीस सालच्या उन्हाळ्यात त्यानं मागून आणली, शिवली, लाकडाचा भुसा भरून तुळईला टांगली. "पंचिंग ब्याग म्हणतात हिला. घरच्या घरी कसरत!" असं त्यानं पंचवटीतल्या साऱ्या आळीला ऐकवलं. पंचांची ब्याग असेल असं समजून शेजारच्या भागीबाईनं तिला लांबूनच नमस्कार केला. तिसऱ्या दिवशी रावजीचं मनगट सुजलं आणि कसरतीचं भूत उतरलं. पिशवी नुसती लोंबकळत राहिली.

चंद्रभागा तेव्हा नुकतीच पिंपळगावहून मार खाऊन माहेरी आली होती. तिसऱ्यांदा. एका सकाळी पडवी झाडताना वाटेत आली म्हणून तिनं पिशवीला एक गुद्दा घातला. बरं वाटलं. मग आणखी एक घातला. पुढे तो रोजचाच नेम झाला. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या आणि सुरू. विसाच्या पुढे तिला मोजता येत नव्हतं, म्हणून ती प्रत्येक ठोशाला नुसती हुंकारायची. एके दिवशी हुंकाराऐवजी तोंडातून नवऱ्याचं नाव गेलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, उखाण्याखेरीज ते तिनं कधी घेतलं नव्हतं. ती घाबरून थांबली. जीभ काही झडली नाही. मग तिनं ते पुन्हा घेतलं. दीड महिन्यात तिचे दंड असे भरले की गोदावरीवरून पाण्याचे दोन हंडे ती बोलत बोलत आणायची.

रावजीला मात्र लोक काय म्हणतील याची पडली होती. "याही खेपेला जायचं, चंद्रे. नवऱ्याचं घर हाय ते," म्हणून त्यानंच धोंडीरामला सांगावा धाडला होता. तिला न विचारता.

आतून आपल्या नावाचा पुकारा ऐकून धोंडीरामला वाटलं, कुणी हाक मारतंय. तो पडवीत आला. मागोमाग रावजी, त्याची बायको कमळाबाई आणि जावई आला म्हणून डोकवायला आलेली भागीबाई. समोरचा अवतार पाहून सगळे दारातच थिजले.

"अगं बाई! आई आली हिच्या अंगात!" भागीबाईनं हात जोडले. "नायतर कुठली बायको नवऱ्याचं नाव घेईल?"

हे सगळ्यांना पटलं. सगळ्यात आधी धोंडीरामला पटलं. दरसाल चैत्रात वणीच्या गडावर जाणारा, सप्तशृंगीच्या नावानं चळाचळा कापणारा माणूस तो. टोपी काढून तो सपशेल आडवा झाला. चंद्रभागा वळली तेव्हा नवरा पायाशी पडला होता.

"आई, चुकलं माझं! तुझी काय इच्छा हाय? हिला नेऊ का नको?"

खरं काय ते एकटी कमळाबाई ओळखून होती. रोज सकाळी नणंदेच्या हाताला चिंध्या तीच बांधून द्यायची. कुंकू लावायच्या मिषानं ती पुढे झाली आणि चंद्रभागेच्या उजव्या कानाशी पुटपुटली, "नको नेऊ म्हणा. आईचा हुकूम म्हणून सांगा. जन्माच्या सुटाल."

किती सोपं होतं! एक शब्द टाकला की काम फत्ते. रावजीची अब्रू राहील, धोंडीराम हात हलवत परत जाईल, आळीतल्या बाया ओटी भरायला येतील. चंद्रभागेनं तोंड उघडलंसुद्धा. मग तिची नजर आपल्या बोटांवर गेली. चिंध्यांतून रक्त पाझरत होतं. दीड महिना हात आपण सोलून घ्यायचे आणि नाव देवीचं व्हायचं. आणि हा? हा गावभर सांगत फिरेल, आईची आज्ञा पाळली म्हणून. दुसरी करील, आणि आज जोडलेले हात तिच्यावर उगारील. चंद्रभागेला विलक्षण राग आला. नऊ वर्षांत कधी आला नव्हता इतका.

तिनं पदरानं खसकन कपाळ पुसलं. घामाबरोबर कुंकूही गेलं. भागीबाईनं तोंडावर हात घेतला.

"उठा," चंद्रभागा म्हणाली. "अंगात कुणी आलं नाय. मीच हाय."

धोंडीरामनं मान वर केली. समोर रोजचीच बायको होती. त्याच्या चेहऱ्यावरची भीती बघता बघता ओसरली. तो उठला, गुडघे झटकले, टोपी नीट बसवली. देवी नाही म्हटल्यावर त्याला केवढा धीर आला होता.

"तूच व्हय? आन् माझं नाव घेतीस?" त्यानं हात उगारला.

रावजी "दाजी, दाजी" करत राहिला, पण जागचा हलला नाही. चंद्रभागाही हलली नाही. चिंध्या बांधलेल्या दोन्ही मुठी तिनं हनुवटीखाली आणल्या.

"आई असती तर तिनं तुला माफ केलं असतं, धोंडीराम," ती म्हणाली. "ये पुढं."