खांबावरचा हात

"मॅडम, सरकता का जरा? या खांबाला हात टेकला की सिग्नलला पाय खाली ठेवावा लागत नाही," सायकलवरचा गवंडी म्हणाला.

शलाका बाजूला झाली. सर्वांत जास्त सायकली कोणत्या रस्त्याने जातात, ते महापालिकेला आजच कळवायचं होतं आणि तीन दिवस मोजूनही तिचे आकडे जुळत नव्हते. पण हात टेकून टेकून खांबाचा रंग खांद्याच्या उंचीला पार झिजून लोखंड चकाकत होतं. तिने याच रस्त्याचं नाव लिहून टाकलं.

दिवा हिरवा झाला, सायकली पाखरांसारख्या उडाल्या. हातभर खाली आणखी एक ठिपका चकाकत होता, चिमुकल्या तळव्याएवढा. तिने त्यावर बोटं ठेवली. पाठीला दप्तर, ती पुन्हा बाबांच्या सायकलच्या दांडीवर होती आणि मागून बाबा म्हणत होते, "खांब घट्ट धर हं, तुझ्याच जिवावर उभे आहोत आपण!"