पांढऱ्या फितीच्या आत

लष्करातले अभियंते मेजर रंगारी निवृत्तीनंतर नागपूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. एकदा प्रयोगशाळेतला तास संपल्यावर खापा गावची विद्यार्थिनी मयुरा फोटो घेऊन आली. फोटोतला हवालदार त्यांच्याच तुकडीत सुरुंग फुटून दगावला होता. “सर, हे माझे बाबा. सुरक्षित वाटेची पांढरी फीत ओलांडून ते काहून गेले?” तसा अहवाल रंगारींनीच लिहिला होता. त्यांनी फोटो हातात घेतला. “तो फितीच्या आतच होता, पोरी. ती वाट मी तपासली होती. एक सुरुंग माझ्याकडून राहिला, आणि नोकरीपायी मी खोटं लिहिलं.” मयुरा रडली नाही. “मले नका सांगू. माझी आई बारा वर्षांपासून बाबाले दोष देऊन राहिली, तिले सांगा.” रंगारींनी प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि ते तिच्या मागोमाग खाप्याच्या बसकडे निघाले. गाडीत मयुरा त्यांच्या शेजारी बसली नाही.