टीम ओहायोला गेली

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावाची ज्युनियर आइस हॉकी टीम मालकाने १९८२ साली ओहायोला हलवली. दोन वर्षांत परत आणतो, असं सांगून गेला होता. चार वर्षांनी पेपरात आलं की टीम आता कायमची तिकडचीच. माझं डोकंच फिरलं. मी या गावातला सर्जन. त्या पोरांचे मॅचमध्ये फुटलेले ओठ किती रविवार मी जाऊन शिवले होते.

बायकोला, पद्मजाला, टाइपरायटरवर बसवलं आणि टीमवाल्यांना उद्देशून पेपरच्या संपादकाला पाठवायचं पत्र सांगायला लागलो.

"लिही. या गावाने तुम्हाला लहानाचं मोठं केलं. हातात कसब आलं, तसे तुम्ही इथून उठलात आणि परक्यांसाठी राबायला गेलात. लाज वाटायला हवी."

मी पाणी प्यायला थांबलो, तरी तिची बोटं थांबली नाहीत.

"अगं, पुढचं मी सांगितलं कुठे अजून?"

तिने कागद वर करून वाचून दाखवलं. "तिकडची सुखं बघून गेलात, ते एक वेळ समजू शकतो. पण दोन वर्षांत परत येतो, असं खोटं सांगून जायला नको होतं."

"अगदी हेच म्हणायचं होतं मला. तुला कसं कळलं?"

 

"पुण्याहून तुमच्या बाबांचं शेवटचं पत्र आलं होतं, त्यात याच्यापुढे हेच होतं."