शाळा सोडल्याचे कारण

पट अकरावर आल्यामुळे नगरपालिकेची शाळा क्रमांक नऊ बंद होणार होती. मुख्याध्यापिका म्हणून शेवटचं काम माझं: जुनी रजिस्टरं तपासून कार्यालयात पाठवायची. एकही रकाना रिकामा नको, असं वरून बजावलं होतं.

तेवढ्यात पंचाहत्तरीच्या एक आजी दारात आल्या. "बाई, माझं नाव सापडतंय का बघा. द्वारका फुटाणे. चौथीत होते."

१९५९चं पान सापडलं. मुलींच्या नावांपुढे 'शाळा सोडल्याचे कारण' एकाखाली एक लिहिलेलं: लग्न, लग्न, घरकाम, लग्न. द्वारकेपुढचा रकाना मात्र कोरा होता.

"गुरुजींनी आमच्या घरी खूप खेटे घातले," आजी म्हणाल्या. "वडील ऐकेनात. शेवटी गुरुजी मला म्हणाले, तुझं नाव मी कमी करणार नाही. कधीही ये."

"मग?"

"सासर लांबचं. इथं राहायला आले, तेव्हा नात चौथीत होती."

मी पेन उघडलं. नियम तो नियम. 'ल' लिहिणार, एवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"लग्न नका लिहू, बाई. शाळा बंद झाली, असं लिहा."