पृथ्वीला चार मिनिटं

अर्धा खाल्लेला डोनट. परग्रहाचं यान. खिडकीत सुकलेलं रोपटं. पृथ्वीच्या नाशाला चार मिनिटं.

नायक आपला लॅपटॉप शत्रूच्या यानाला जोडतो आणि यान लगेच त्याचं ऐकतं, असा प्रसंग हॉलिवूडजवळच्या बरबँकमधल्या स्टुडिओत एका टीव्ही मालिकेचे लेखक रचत होते.

"एकदा तरी दोन्ही यंत्रांचं नाही जुळलं, असं दाखवू या," त्या लेखकांपैकी नेडा म्हणाली. सात वर्षांत तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

"अगं बाई, मग पृथ्वी वाचायची कधी? जाहिराती संपल्यावर?" मुख्य लेखक होलिस म्हणाला. सगळे हसले.

नेडाने त्या प्रसंगाच्या कार्डावर 'लगेच जुळतं' असं लिहिलं आणि ते फळ्यावर टाचलं.



नेडाचे वडील मार्चमध्ये गेले. त्यांना तातडीने हलवलं, त्या दुसऱ्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या मेंदूच्या स्कॅनची सीडी उघडलीच नव्हती.